मुठेल, ट्रेहॅलोज आणि कॉलमचा हिशोब : प्रकल्प नोंदी

६ मे २०२५, कुडाळ

प्रकल्पाचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. काम एवढंच: मुठेलातलं (कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलातलं) स्टिअरिक आम्ल काढायचं, ते ट्रेहॅलोज या साखरेला जोडायचं आणि तयार झालेला रेणू पाण्यात आपणहून पोकळ पुटिका बांधतो का ते पाहायचं. बांधल्याच, तर पाण्यात न विरघळणारं औषध त्यात भरून बघायचं. रेणूचं डोकं साखरेचं म्हणून पाण्यात रमणारं, शेपूट चरबीची म्हणून पाण्यापासून पळणारी. बाकीची बांधणी पाणीच करून घेतं.

ट्रेहॅलोजच का, हे अर्जात दोन ओळींत उरकलं होतं. इथे नीट लिहून ठेवतो. ग्लुकोज स्वस्त, पण पाण्यात त्याची दोन रूपं सतत एकमेकांत बदलत राहतात आणि अमाइन गट असलेल्या औषधाशी ते स्वतःच भांडण काढतं. ट्रेहॅलोजमध्ये दोन ग्लुकोज पाठीला पाठ लावून बसलेले असतात, त्यामुळे दोन्ही कुरापती बंद. प्रथिनांची औषधं गोठवून वाळवताना ते वर्षानुवर्षं वापरात आहे. अडचण दुसरीच आहे. त्याला आठ हायड्रॉक्सिल गट, आणि आपल्याला शेपूट हवी दोन्ही ग्लुकोजच्या फक्त सहाव्या कार्बनवर. स्टिअरॉइल क्लोराइड आणि पिरिडीन ही नेहमीची रसायनं वापरली तर आम्ल मिळेल तिथे जाऊन चिकटतं. मग आधी नको ते गट झाकून ठेवा, जोडणी करा, परत उघडा. एका बंधासाठी तीन-चार पायऱ्या, आणि शेवटच्या मालात पिरिडीन २०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २०० भागांच्या) वर चालत नाही.

लायपेज हे विकर मात्र नेमकं सहाव्या जागेवर जातं, झाकाझाकी न करता. कागदावर हिशोबही सुंदर दिसतो: एक ट्रेहॅलोज, दोन स्टिअरिक आम्लं, बाहेर पडतं फक्त पाणी. अणूंची काटकसर, म्हणजे घातलेल्या वजनातला मालात उतरणारा भाग, ९६ टक्के.

या ९६ टक्क्यांवर माझा फारसा विश्वास नाही. गेल्या वर्षीच्या बॅचने हाच रेणू केला होता. फ्लास्क छोटासा, पण त्यानंतरच्या कॉलमसाठी (माल शुद्ध करायच्या सिलिका भरलेल्या नळीसाठी) क्लोरोफॉर्मचे कॅन आले होते. यंदा फ्लास्कनंतर काय होतं त्यावर नजर ठेवायची.

११ मे

मुठेल विकत न घेता करताना पाहिलं. आमसुलं घालून झाली की रातांब्याच्या बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. तेल वर येतं, ते काढून गार झालं की मुठीने गोळे वळायचे. ना हेक्झेन, ना कसलं यंत्र. वाडीतल्या आजींना सांगितलं की याचं औषधासाठी काही करतोय, तर म्हणाल्या, "ह्यां टाचांक लावतत, मास्तरांनू. ह्येचां तुमी औषद कसलां करतालास?" औषध नव्हे, औषधाची पिशवी करतोय, असं सांगितलं. त्यावर त्यांनी सोलकढी पुढे केली.

कोकमाच्या तेलात निम्म्याहून थोडं जास्त स्टिअरिक आम्ल असतं आणि उरलेलं बहुतेक ओलेइक. भारतातल्या वनस्पतिज तेलांत इतकं स्टिअरिक क्वचितच सापडतं. खोबरेलात लॉरिक हे आखूड शेपटीचं आम्ल भरपूर आहे, पण त्या शेपटीच्या पुटिका अंगाच्या तापमानाला फार सैल पडतील असा अंदाज आहे.

१९ मे

साबणीकरण झालं. १०० ग्रॅम मुठेलाला साधारण १३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. साबण झाल्यावर आम्ल टाकून स्निग्धाम्लं मोकळी केली, मग इथेनॉलमधून दोनदा स्फटिकीकरण. हाती सुमारे ४० ग्रॅम पांढरे शुभ्र पापुद्रे आले. वितळणबिंदू ६७ ते ६८ अंश. शुद्ध स्टिअरिकचा ६९ च्या जवळ असतो. थोडं पामिटिक, म्हणजे जवळचंच दुसरं स्निग्धाम्ल, राहिलं असणार. चालेल.

ओलेइक आम्ल इथेनॉलमध्ये मागे राहिलं. इथेनॉल उडवून परत घेतलं, ओलेइकचा साबण करायला दिला. शिवाय सुमारे २० ग्रॅम मीठ तयार झालं, ते पाण्याबरोबर गेलं. हे मीठ वहीत मुद्दाम लिहितोय. विकरापासून मोजायला सुरुवात केली तर प्रत्येक प्रकल्प हिरवा दिसतो.

२६ मे

काल वेधशाळेने जाहीर केलं की मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचला. मे महिन्यात! तसा आठवडाभर आधीपासूनच कोसळतोय. वाडीत आमसुलं अर्धी वाळलेली, बिया पोत्यात कुबट झालेल्या. दुसऱ्या खेपेचं मुठेल यंदा मिळणं कठीण. आहे तेवढ्यात भागवायचं.

आमच्यासाठी पावसाचा अर्थ आणखी वेगळा आहे. एस्टर, म्हणजे साखर आणि आम्लाची जोडणी, होताना पाणी बाहेर पडतं, आणि पाणी जास्त झालं की तेच लायपेज उलट दिशेने काम करून एस्टर तोडतं. बाजारातलं ट्रेहॅलोज डायहायड्रेट असतं, म्हणजे वजनाच्या साडेनऊ टक्के पाणी त्यात आधीच बसलेलं. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवलं. बाटली उघडी राहिली तर ही हवा ते पाणी परत भरणार.

१२ जून

पहिली जोडणी लावली. सॉल्व्हंट अॅसिटोन, ५० अंश, रेझिनच्या मण्यांवर बसवलेलं कँडिडा अंटार्क्टिकाचं लायपेज बी, आणि पाणी शोषायला मॉलिक्युलर सीव्ह. अॅसिटोन निवडला कारण औषधांच्या नियमांत तो सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात येतो.

एमएस्सीच्या मुलीने विचारलं, "सर, सगळे व्हिनाइल स्टिअरेट वापरतात, आपण नुसतं आम्ल का?" प्रश्न बरोबर आहे. व्हिनाइल एस्टर घेतलं की सुटणारं व्हिनाइल अल्कोहोल लगेच अॅसिटाल्डिहाइड होऊन निघून जातं आणि रिअॅक्शन मागे फिरूच शकत नाही. उतारा (हाती येणारा माल) चांगला, पाण्याची कटकट नाही. पण ते व्हिनाइल एस्टर बनतं पाऱ्याच्या नाहीतर पॅलेडियमच्या क्षारांच्या मदतीने, आणि अॅसिटाल्डिहाइड विकराच्या प्रथिनालाही चावतं. पारा दुसऱ्याच्या कारखान्यात वापरला गेला म्हणून आपली वही स्वच्छ होत नाही. आम्लच वापरायचं.

मॅग्नेटिक स्टरर लावलेला नाही. तो मण्यांचं पीठ करतो, मग ते गाळताही येत नाही आणि पुन्हा वापरताही येत नाही. शेकरवर ठेवलंय.

२० जून

द्रावण पिवळं पडलंय आणि वास बदललाय, पुदिन्यासारखा उग्र. टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगवेगळे डाग म्हणून दाखवणाऱ्या पट्टीवर) एस्टरचे डाग आहेत, पण फिकट. विकराचा संबंध नाही, कारण विकराशिवाय ठेवलेली बाटलीही पिवळीच. सीव्हच्या पृष्ठभागावर अल्कधर्मी जागा असतात. तिथे अॅसिटोनचे रेणू एकमेकांनाच जोडले जातात, आधी डायअॅसिटोन अल्कोहोल आणि पुढे पाणी सुटून मेसिटिल ऑक्साइड. म्हणजे पाणी शोषायला टाकलेली वस्तूच पाणी तयार करतेय. अॅसिटोन सीव्हवर वाळवू नये असं पुस्तकात असतंच. कोमट ठेवून आठवडाभर हलवलं की ते नाकाला कळतं.

सॉल्व्हंट बदलायचा. टर्ट-ब्युटॅनॉल. तृतीयक अल्कोहोल असल्याने लायपेज त्याला हात लावत नाही, सीव्हवर त्याचं काही होत नाही. औषधात ३,५०० पीपीएमपर्यंत चालतं. दोष दोन. एक, ते २५-२६ अंशांना गोठतं. एसी असलेल्या उपकरण-खोलीत बाटली ठेवली तर सकाळी दगड. दोन, उडवून परत घेताना ते सुमारे १२ टक्के पाणी सोबत घेऊन येतं, म्हणजे पुन्हा सीव्हवरून न्या.

३ जुलै

टर्ट-ब्युटॅनॉलमध्ये काम सुरळीत. ५५ अंश.

नवी युक्ती लॅबमधल्या काकांची. विकराचे मणी आणि न विरघळलेली साखर गाळणीत एकत्र अडकतात. वेगळे करायला पाणी वापरलं तर विकर भिजतं, मग ते वाळवत बसा. काकांनी नायलॉनच्या बारीक जाळीची पुरचुंडी शिवून आणली. मणी आत, साखरेची पूड बाहेर. रिअॅक्शन संपली की पुरचुंडी उचलायची, थोड्या कोरड्या टर्ट-ब्युटॅनॉलमध्ये बुचकळायची आणि पुढच्या फ्लास्कमध्ये सोडायची. या प्रकल्पात सर्वांत महाग वस्तू विकर आहे, त्यामुळे हा शोध मी तरी मोठाच मानतो.

१० जुलै

वीज नाही. फ्लास्क काढून डेसिकेटरमध्ये. काही नोंद नाही.

१६ जुलै

आज सूक्ष्मजीवशास्त्राच्या सहकारी मॅडम सहज डोकावल्या. फळ्यावर ट्रेहॅलोजच्या दोन्ही टोकांना शेपट्या काढलेल्या बघून थबकल्या. "हे तर क्षयाच्या जंतूचं काढलंय तुम्ही!"

खरं आहे. क्षयाच्या जिवाणूच्या भिंतीत ट्रेहॅलोज डायमायकोलेट असतं, ट्रेहॅलोजच्या दोन्ही सहाव्या कार्बनांवर लांबलचक मायकोलिक आम्लं. आपल्या पेशींवरचा मिंकल नावाचा ग्राहक (बाहेरचे रेणू ओळखणारं प्रथिन) ते ओळखतो आणि शरीर खडबडून जागं होतं. हा संबंध २००९ मध्ये सिद्ध झाला. त्याचाच सोपा कृत्रिम भाऊ, २२ कार्बनांच्या शेपट्यांचं ट्रेहॅलोज डायबेहेनेट, डेन्मार्कच्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटच्या सीएएफ०१ या लस-साहाय्यकात मुद्दाम घालतात, प्रतिकारशक्ती चेतवायलाच.

लसीसाठी उत्तम. पण आपल्याला मुकाट्याने औषध पोचवणारी पिशवी हवीय, दार वाजवत जाणारी नको. शेपूट जितकी लांब तितकी ही ओळख पक्की. १८ कार्बन सीमेवर बसतात. डायएस्टर (दोन शेपट्यांचा रेणू) सोडून मोनोएस्टरकडे (एका शेपटीच्या) वळायचं ठरवलं. ९६ टक्क्यांचा तो सुंदर आकडा डायएस्टरचा होता, तोही आता गेला. आणि असल्या आकड्यातून रेणू शरीरात काय करेल हे कळत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

मोनोएस्टर हवं म्हटलं की गाळणी-धुणीचा प्रश्न दुप्पट होतो. ट्रेहॅलोज सॉल्व्हंटमध्ये जेमतेम विरघळतं, मोनोएस्टर छान विरघळतं. त्यामुळे विकरासमोर मोनोएस्टरच जास्त येतं आणि त्याचं डाय होतं. उपाय: साखर भरपूर, आम्ल मोजकं, आणि रिअॅक्शन लवकर थांबवायची. उतारा कमी येईल, पण उरलेली साखर आणि आम्ल परत मिळतं.

२४ जुलै

कॉलमविना वेगळं करण्याची रीत बसली. गरम गाळलं की साखर वर राहते. टर्ट-ब्युटॅनॉल कमी दाबाखाली उडवून परत. उरलेला पांढरा थर कोमट हेप्टेनने धुतला: स्टिअरिक आम्ल त्यात जातं आणि डायएस्टरचाही काही भाग. हेक्झेन नको, त्याची मर्यादा २९० पीपीएम आणि नसांना बाधक. हेप्टेन अॅसिटोनच्याच वर्गातलं. मागे राहिलेलं गरम इथेनॉलमध्ये विरघळवून सावकाश गार केलं. टीएलसी एथिल अॅसिटेट, मिथेनॉल, पाणी १७:२:१ मध्ये. मोनोचा एक ठळक डाग, डायची सावली. कॉलमवरच्या मालाइतकं शुद्ध नाही, हे मान्य.

आता हिशोब. ई-फॅक्टर ही रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडलेली मोजणी: एक किलो मालामागे किती किलो कचरा. औषधउद्योगात २५ ते १०० आणि त्याहूनही वर. आमचं काम ग्रॅमांतलं आहे, त्यामुळे त्यांच्याशी थेट तुलना करणार नाही. आमची तुलना आमच्याशीच.

गेल्या वर्षीची वही उघडली. माल १.२ ग्रॅम. रिअॅक्शनमध्ये ६० मिलि अॅसिटोन आणि किरकोळ, मिळून ५२ ग्रॅम. म्हणजे ई सुमारे ४३. त्यानंतर कॉलम: ८० ग्रॅम सिलिका आणि १.६ लिटर क्लोरोफॉर्म-मिथेनॉल, वजनाने सव्वादोन किलोच्या वर. एकट्या कॉलमचा ई जवळजवळ १,९६०.

हे आकडे फळ्यावर लिहिल्यावर कोणी काही बोलेना. विकर वापरलं म्हणून गेल्या वर्षीच्या या कामाच्या पोस्टरला हरित रसायनाचं बक्षीस मिळालं होतं. आणि क्लोरोफॉर्ममध्ये भिजलेली सिलिका टाकायची कुठे? घातक कचरा तळोज्याला पाठवायचा म्हणजे अख्खं कोकण ओलांडायचं.

यंदाची रीत: माल १.५ ग्रॅम. टर्ट-ब्युटॅनॉल, हेप्टेन, इथेनॉल सगळं टाकून दिलं असं धरलं तर १२८ ग्रॅम, ई ८५ च्या आसपास. परत मिळालेलं वजा केलं तर खरोखर गमावलेलं २६ ग्रॅम, ई १७. दोन्ही आकडे लिहायचे. एकच लिहिणारे नेहमी दुसराच, लहान आकडा लिहितात.

यात वीज नाही. सीव्ह पुन्हा कोरडे करायला मफल फर्नेस ३०० अंशांवर चालवतो, आणि या हवेत ते भराभर भरतात. ई-फॅक्टरला वीज दिसत नाही. भट्टीला मीटर लावायला सांगितलंय.

२९ जुलै

पुटिका होतील का, याचं कागदी गणित मुलांकडून करून घेतलं. इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांचं १९७६ चं सूत्र: शेपटीचं आकारमान भागिले डोक्याचं क्षेत्रफळ गुणिले शेपटीची लांबी. एक तृतीयांशाच्या खाली गोल मायसेल (आत पोकळी नसलेले गोळे), अर्ध्यापर्यंत दांडे, अर्ध्यापासून एकपर्यंत पुटिका.

मुलांना वाटत होतं लांब शेपूट घेतली की पुटिका होणार. शेपटीचं आकारमान आणि लांबी देणाऱ्या टॅनफर्डच्या सूत्राने १८ आणि १२ कार्बन दोन्हींचं काढायला लावलं. आकारमान भागिले लांबी दोन्हींत २१ चौरस अँगस्ट्रॉमच. शेपूट वाढते तशी दोन्ही सारखीच वाढतात. फरक पडतो तो डोक्याच्या रुंदीने आणि शेपट्यांच्या संख्येने. डोकं ५० चौरस अँगस्ट्रॉम धरलं तर मोनोएस्टर ०.४२, म्हणजे दांडे. डायएस्टर पुटिकांच्या पट्ट्यात बसलं असतं, पण त्याला आपण घराबाहेर काढलंय.

मधला मार्ग जुनाच आहे: कोलेस्टेरॉल. ते शेपट्यांमधल्या फटीत बसतं आणि डोक्याखाली भर घालतं. सॉर्बिटन मोनोस्टिअरेट, म्हणजे स्पॅन ६०, एकाच शेपटीचं असूनही कोलेस्टेरॉलसोबत उत्तम पुटिका करतं. लोरिआलने सौंदर्यप्रसाधनांसाठी हे १९७० च्या दशकातच केलं. आपली शेपूट तीच, डोकं वेगळं.

५ ऑगस्ट

झाल्या! नेहमीची पद्धत म्हणजे क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेवर पातळ थर धरायचा. जो क्लोरोफॉर्म मागच्या दाराने घालवला तो पुढच्या दाराने आणायचा नव्हता. म्हणून इथेनॉल-इंजेक्शन, १९७३ पासून माहीत असलेली रीत: मोनोएस्टर, कोलेस्टेरॉल आणि कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) गरम इथेनॉलमध्ये, आणि ते बारीक सुईने ६० अंशांच्या पाण्यात, हलवत. पाणी गार ठेवलं तर शेपट्या लगेच गोठतात आणि नुसते गठ्ठे होतात.

निळसर दुधी द्रावण आलं, लेझरची रेघ आरपार स्वच्छ दिसली. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गेलं, ०.२२ वर अडखळलं.

कर्क्युमिन हे इथे औषध म्हणून नाही. पाण्यात विरघळत नाही, पिवळं दिसतं, रंगाची गडदता मोजणाऱ्या साध्या कलरिमीटरवर मोजता येतं, म्हणून. हळदीने काय काय बरं होतं याबद्दल या वहीत एक ओळही लिहायची नाही असं मुलांना बजावलंय. कर्क्युमिन चाचण्यांना फसवतं, हे औषध-रसायनवाले कधीपासून सांगताहेत.

१८ ऑगस्ट

औषध किती वेगाने बाहेर येतं ते मोजणं. डायलिसिसची पिशवी, बाहेर बफर, ३७ अंश. पहिला आलेख मोहक: चोवीस तासांत जेमतेम काहीतरी बाहेर. मुलं खूश, "सर, किती सावकाश सोडतंय!"

मी त्यांना नुसतं कर्क्युमिन पिशवीत भरून तोच प्रयोग करायला लावला. तेही बाहेर येईना. कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही, तर बाहेर येऊन राहणार कुठे? शिवाय ७.२ च्या आसपासच्या पीएचला ३७ अंशांवर, प्रथिनं नसलेल्या पाण्यात, अर्ध्या तासात त्याचा ९० टक्के भाग मोडतो. न सुटलेलं आणि मोडलेलं, दोन्ही कलरिमीटरला सारखंच गैरहजर. असे "सावकाश सोडणारे" आलेख छापून येतात आणि कोणी विचारत नाही.

बाहेर अर्धा टक्का पॉलिसॉर्बेट ८० (साबणासारखं, न विरघळणारं पाण्यात धरून ठेवणारं द्रव्य) घातलं, पीएच ६ वर आणला. पॉलिसॉर्बेट पुटिकाही थोड्या विस्कटणार, त्यामुळे हे शरीरातलं चित्र नव्हे. निदान नुसत्या कर्क्युमिनपेक्षा पुटिकांतलं मागे पडतं एवढं स्पष्ट दिसलं. जास्त दावा नको.

२५ ऑगस्ट

परवा चतुर्थी. आता दहा-बारा दिवस कोकणात साखर फक्त मोदकाच्या सारणात. नमुने मुंबईला कणांचा आकार मोजायला पाठवले, चाकरमान्यांच्या उलट्या दिशेने जाणाऱ्या रिकाम्या गाडीने. पुरचुंडी कोरडी करून फ्रिजमध्ये.

१२ सप्टेंबर

मुंबईचा अहवाल: आकार २०० नॅनोमीटरच्या जवळ, विखुरणी (आकारांतला लहानमोठेपणा) ०.३. जरा जास्तच पसरलेली. डायएस्टरची ती सावली कारणीभूत असेल तर शुद्धता वाढवावी लागेल, आणि त्याचा सोपा मार्ग कॉलमकडे जातो. तो मार्ग घ्यायचा नाही. इथेनॉलमधून आणखी एक स्फटिकीकरण करायचं. त्याने ई १७ वरून वीस-बाविसावर जाईल, १,९६० वर नाही.

भट्टीचा मीटर वाचला. सीव्ह कोरडे करण्याची वीज बाकी सगळ्या पायऱ्यांच्या एकत्र विजेहून जास्त. पुढची बॅच डिसेंबरात लावायची, हवा कोरडी असताना, आणि जुलैतल्याशी ताडून बघायची. स्टिअरिक आम्ल एक फ्लास्क पुरेल एवढंच उरलंय. आजींकडे फेब्रुवारीतच निरोप धाडायला हवा, बिया पावसाआधी वाळायला हव्या असतील तर. काकांना जाळी आणखी बारीक हवी आहे, वेंगुर्ल्याच्या बाजारात बघतो म्हणालेत.